बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा

रात्री आपण एकटेच घरी चाललो आहोत आणि मागून पावलं वाजतात. थांबलं की थांबतात, चालू लागलं की पुन्हा वाजतात. अशा वेळी काय करायचं हे जपानच्या नारा भागातल्या लोकांनी ठरवून ठेवलेलं आहे. पळायचं नाही. रस्त्याच्या कडेला व्हायचं, वाट मोकळी करून द्यायची आणि म्हणायचं, "बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा." मग पावलं पुढे निघून जातात.

'सान' म्हणजे आपण नावापुढे 'राव' किंवा 'ताई' लावतो तसं. जे दिसत नाही, ज्याच्या पावलांखेरीज काहीच ठाऊक नाही, त्यालाही अहो-जाहो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण नेमका हाच प्रसंग आमच्या आजीनेही मला सांगून ठेवला होता, फक्त तिचा उपाय निराळा होता. "पाठसून पावलां वाजली तर वळान बघू नको. नाव घेवन हाक मारली तरी ओ देव नको."

मी पुण्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून आणते. दिवसभर व्हॉल्व्ह, बेअरिंग आणि सुरक्षेच्या सूचना. शिकत होते तेव्हा आमच्या बाई सांगायच्या, भाषा कानात मुरायची असेल तर मुलांची पुस्तकं वाच. त्यांनीच त्यांच्या कपाटातून शिगेरु मिझुकींचा एक जाडजूड मांगा काढून दिला. तोपर्यंत जपानी चित्रकथा म्हणजे तलवारी आणि मोठाले डोळे, इतकंच माझ्या डोक्यात होतं. हे पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर गावाबाहेरचा रस्ता. त्या रस्त्याच्या कडेचं झाड मला अजून दिसतं. एकेक पान वेगळं काढलेलं, देवळाच्या छपराचं एकेक कौल वेगळं, आणि झाडामागचा अंधार तर हजारो बारीक ठिपक्यांचा. पेनच्या टोकाने टिंब, टिंब, टिंब, इतकं दाट की अंधाराला लव फुटल्यासारखी वाटावी. आणि अशा त्या रस्त्यावर चार रेघांत काढलेला, बटाट्याच्या डोक्याचा एक साधा मुलगा. जग खरं आणि माणूस पोरानं पाटीवर काढल्यासारखा. अंधारात काहीतरी आहे हे त्या चित्राला निराळं सांगावंच लागत नव्हतं.

मिझुकींचा जन्म 1922चा. खरं आडनाव मुरा. बालपण गेलं तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरात. घरी कामाला एक म्हातारी यायची, कागेयामा फुसा. देवाधर्माचं करणाऱ्यांना तिकडे 'नोन्नोन-सान' म्हणत, म्हणून तिचं नाव पडलं नोन्नोनबा. तिचा नवरा लोकांसाठी गाऱ्हाणी घालणाऱ्यांतला होता. घरात पैसा नव्हता, पण गावातल्या प्रत्येक आवाजाचा, प्रत्येक डागाचा धनी कोण हे तिला ठाऊक होतं. छतावर ओलीचे डाग दिसले तर ती पोराला सांगे, रात्री 'तेन्जोनामे' येतो, लांब जिभेने छत चाटतो, त्याचे हे डाग. न्हाणीघर घासलं नाही तर मळ चाटायला 'आकानामे' येतो. पोरगं रात्री छताकडे बघत पडून राही, आणि डाग खरोखरच जिभेच्या आकाराचे दिसू लागत.

या सगळ्यांना मिळून जपानी शब्द आहे 'योकाई'. आपण भूत म्हणतो आणि मोकळे होतो, पण मेलेल्या माणसाचं जे मागे राहतं ते 'युरेई', तो प्रकार वेगळा. योकाई होण्यासाठी कुणी मरावंच लागतं असं नाही. शंभर वर्षं वापरलेली छत्रीसुद्धा एका डोळ्याची, एका पायाची होऊन टुणटुणत निघते. नदीत 'काप्पा' असतो, डोक्यावरच्या खळग्यात पाणी धरून ठेवणारा. त्याला वाकून नमस्कार केला की तोही शिष्टाचाराने वाकतो, पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. काकडी त्याच्या भारी आवडीची, म्हणून काकडीच्या सुशीला आजही 'काप्पामाकी'च म्हणतात.

नोन्नोनबाचा हा पोरगा विशीच्या आत-बाहेर असताना सैन्यात भरती झाला आणि त्याची रवानगी झाली आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलला. पुढचं त्याने स्वतःच पुष्कळदा लिहिलंय, काढलंय. एका पहाटे तो पहाऱ्यावर असताना तुकडीवर हल्ला झाला. बाकी सगळे मेले, हा एकटा समुद्रात उडी टाकून, जंगलातून दिवसचे दिवस धडपडत छावणीत परतला. तिथे ऐकावं काय लागलं, तर सगळे मेले आणि तू कसा जिवंत आलास? मग मलेरिया. तापात पडलेला असताना बॉम्ब पडला आणि डावा हात गेला.

याच जंगलातली एक रात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शत्रूपासून पळताना अंधारात त्याची वाट अडली. समोर काही दिसत नाही, पण हात लावला तर घट्ट काहीतरी लागतं, पुढे सरकता येत नाही, बाजूने जाता येत नाही. शेवटी दमून तो तिथेच बसला. थोड्या वेळाने उठला तर वाट मोकळी. कितीतरी नंतर त्याच्या लक्षात आलं की हा तर 'नुरिकाबे'. नुरिकाबे म्हणजे लिंपलेली भिंत. जपानच्या क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर रात्री चालणाऱ्याच्या पुढ्यात अचानक उभी राहते. काठीने वर मारून उपयोग नाही, खाली तळाशी मारायचं, मग ती नाहीशी होते.

मी हे वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "चकवो!"

कोकणात वाढलेल्या माणसाला चकवा समजावून सांगावा लागत नाही. पायाखालची रोजची वाट, पण त्या रात्री ती संपतच नाही. त्याच आंब्याखाली, त्याच गडग्यापाशी पुन्हा पुन्हा यायचं. आजीचं म्हणणं, चकवो लागलो की चालू नको. "थंयच बसान रव." विडी ओढणाऱ्याने विडी पेटवावी, नाहीतर तंबाखू मळावी, उजाडायची वाट बघावी. राबाउलच्या जंगलात एक जीव घेऊन पळणारा जपानी शिपाई नेमकं तेच करतो, दमून तिथेच बसतो, आणि वाट सुटते. मिझुकी स्वतः म्हणत की जगभरातले योकाई मिळून साधारण हजार जाती आहेत, देश बदलतो तशी फक्त नावं बदलतात. हजार हा आकडा त्यांनी कसा काढला ते सोडून देऊ. आमचा चकवा त्या हजारांत बसतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अवसेच्या रात्री दिवट्या नाचवत निघणारी वेताळाची पालखीही बसते. क्योतोच्या देवळात जपलेल्या जुन्या चित्रगुंडाळीवर योकाईंची रात्रीची मिरवणूक आहे, शंभर भुतांची वरात म्हणून ती प्रसिद्ध आहे. भांडी, वाद्यं, चपला, सगळी हातपाय फुटून चालली आहेत.

युद्धानंतर मिझुकींनी बरेच उद्योग केले. मासे विकले, चित्रपटगृहात यंत्र चालवलं, मग रस्त्यावर पोरं जमवून चित्रांच्या पाट्या सरकवत गोष्ट सांगण्याचा जो धंदा तिकडे होता, 'कामिशिबाई', त्याच्यासाठी उरलेल्या उजव्या हाताने चित्रं काढू लागले. टीव्ही आला आणि तो धंदा बसला. मग भाड्याने मिळणारी चित्रकथांची पुस्तकं, तीही अर्धपोटी. या सगळ्या काळात त्यांच्यासोबत राहिला तो कितारो. थडग्यात जन्मलेला एकडोळ्या मुलगा.

कितारोची गोष्ट मिझुकींच्या आधीची. 1930च्या दशकात कामिशिबाईवाले ती दाखवत, आणि त्याच्याही मागे एक जुनी लोककथा आहे. एका मिठाईच्या दुकानात रोज रात्री एक फिकट बाई येते, एका नाण्याची गोळी घेते आणि जाते. एक दिवस दुकानदार तिच्या मागोमाग जातो. ती स्मशानापाशी दिसेनाशी होते आणि मातीखालून तान्ह्याचं रडणं ऐकू येतं. पोटुशी असताना पुरलेल्या बाईला थडग्यात मूल झालं होतं आणि ती मेल्यावरही त्याला पोसत होती. क्योतोत त्या गोळ्या विकणारं दुकान आजही आहे.

मिझुकींच्या गोष्टीत या मुलाची आई तर मेलेलीच, आणि बापही सडून गेलेला. पण बापाला पोराची इतकी काळजी की त्याचा एक डोळा जिवंत राहतो, त्याला इवले हातपाय फुटतात, आणि तो पोराच्या केसांत बसून आयुष्यभर त्याला सल्ले देतो. मेदामा-ओयाजी, डोळाबाबा म्हणा हवं तर. त्याची आवडती गोष्ट म्हणजे वाडग्यात गरम पाणी घेऊन अंघोळ. केवढी भयंकर कल्पना, आणि केवढी मायेची. त्या वाडग्यात मान टाकून निवांत बसलेला डोळा बघताना मला आमचे वडील रविवारी कढत पाण्याची बादली घेऊन बसायचे ते आठवतात.

1965 साली ही गोष्ट मुलांच्या मोठ्या साप्ताहिकात गेली. आधीच्या नावात 'हाकाबा', म्हणजे स्मशान होतं. टीव्हीवर आणायची तर असल्या नावाला पैसे कोण देणार? म्हणून ते झालं 'गेगेगे नो कितारो'. लहानपणी मिझुकींना स्वतःचं 'शिगेरु' हे नाव नीट म्हणता येत नसे, ते 'गेगेरु' म्हणत, त्यातला हा 'गे'. 1968ला पहिली मालिका आली आणि तेव्हापासून 2018पर्यंत दर दशकात एक, अशा सहा झाल्या. आज्यांनी पाहिलेला कितारो नातवंडांनीही पाहिला.

कितारोच्या सोबत्यांत सुनाकाके-बाबा आहे, वाळू फेकणारी म्हातारी. कोनाकी-जिजी आहे, तान्ह्या बाळासारखा रडणारा आणि उचललं की धोंड्यासारखा जड होत जाणारा म्हातारा. इत्तान-मोमेन आहे, रात्री उडत येणारा सुती कापडाचा लांब पट्टा. आणि नुरिकाबे. ही चौघं आली कुठून? लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी 1938च्या सुमारास ठिकठिकाणची योकाईंची नावं गोळा करून छापली होती. एकेकाच्या वाट्याला दोन-चार ओळी. चित्र एकही नाही. वाळूवाल्या म्हातारीबद्दल तर स्पष्ट नोंद आहे की देवराईच्या सावलीतून ती वाळू उधळते, पण तिला पाहिलेला कुणी नाही. मिझुकींनी या दोन-चार ओळींना नाक, डोळे, हात, पाय आणि स्वभाव दिले. नुरिकाबेची त्यांनी दोन झोपाळू डोळ्यांची, आखूड हातापायांची थोराड भिंत केली. तिची भीती वाटण्याऐवजी तिच्या सावलीला बसावंसं वाटतं.

यावर आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. 1776पासून तोरियामा सेकिएन या चित्रकाराने योकाईंची चित्रपुस्तकं काढली, त्या वेळीही असंच झालं असणार. एकदा चेहरा ठरला की गावोगावची हजार रूपं पुसली जातात. आज जपानी मुलाला नुरिकाबे विचारा, ते मिझुकींची भिंतच काढेल. 2007 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातल्या एका जुन्या चित्रगुंडाळीत नुरिकाबे सापडला, तो तीन डोळ्यांचा, कुत्र्यासारखा बसका प्राणी! त्याला कोण ओळखणार? आणि उलटही घडतं. हाडांचा प्रचंड सांगाडा, 'गाशादोकुरो', पुष्कळांना प्राचीन वाटतो. तो विसाव्या शतकातल्या मासिकांनी जन्माला घातला आणि त्याचं रूप एकोणिसाव्या शतकातल्या कुनियोशीच्या एका चित्रावरून घेतलं.

पण मी त्या दोन-चार ओळींचा विचार करते तेव्हा मिझुकींच्याच बाजूने उभी राहते. त्या ओळी ग्रंथालयात राहिल्या असत्या, अभ्यासकांनी वाचल्या असत्या. पोरांच्या तोंडी गेल्या नसत्या. मिझुकींनी चित्रं काढली तेव्हा जपानात गावं ओस पडत होती, रस्त्यांवर दिवे येत होते, आणि योकाईला लागणारा अंधार कमी होत होता. हे दुःख पुढे किती जणांनी मांडलं. 1994च्या 'पोम पोको' या अ‍ॅनिमेशनपटात तोक्योजवळच्या तामाच्या टेकड्या वसाहतीसाठी कापल्या जातात, तेव्हा तिथले तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या कुळातले, गोष्टींत रूप बदलणारे रानप्राणी, माणसांना थांबवायला योकाईंची भव्य मिरवणूक काढतात. माणसं खिडक्यांतून बघतात, टाळ्या वाजवतात, आणि बांधकाम चालूच राहतं.

आता आमच्या घराबद्दल. आजीच्या गोष्टी मी सात-आठ वर्षांची झाल्यावर बंद झाल्या. आईने बंद केल्या. ती शाळेत शिक्षिका होती, आणि तिच्या लहानपणी वाडीतल्या एका बाईवर करणीचा आळ आला होता. कुणाचं तरी मूल दगावलं, कौल लावले, बोट तिच्याकडे गेलं. तिच्याशी बोलणं तुटलं, विहीर तुटली. ती बाई माहेरी गेली ती परत आली नाही. आई म्हणायची, गोष्ट गोष्टीपाशी थांबत नाही. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून तिचं म्हणणं किती खरं होतं ते कळावं. योकाईंवर जीव लावून लिहिताना मला त्या बाईला विसरता येत नाही.

जपानलाही हा प्रश्न पडलेला. मेइजी काळात (1868 ते 1912) इनोउए एन्रियो नावाच्या तत्त्वज्ञाने गावोगाव फिरून भुताखेतांचा खोटेपणा दाखवायला आयुष्य घातलं. लोक त्यांना 'योकाई-पंडित' म्हणत. बहुतेक प्रकार त्यांनी भ्रमात किंवा लबाडीत काढले, पण एक कप्पा राखून ठेवला, खऱ्या गूढाचा. तोक्योत त्यांनी उभारलेल्या तत्त्वज्ञानाच्या बागेच्या दारावर द्वारपाल म्हणून एका बाजूला तेंगू, म्हणजे लांब नाकाचा योकाई, आणि दुसऱ्या बाजूला भुताची बाई आहे. ज्यांना आयुष्यभर घालवायला निघाले त्यांनाच त्यांनी दारात जागा दिली. आणि त्यांनी जमवलेल्या ढीगभर नोंदी पुढच्यांच्या कामी आल्या.

मिझुकींच्या योकाईंपुढे मांत्रिक उभा नसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणी कुणाच्या अंगात सोडत नाही, कुणाच्या दाराकडे बोट दाखवत नाही. गोष्टीत खरा त्रास देतो तो बहुतेक वेळा नेझुमी-ओतोको, उंदीरमाणूस. तो अर्धा योकाई, अर्धा माणूस, आणि पैशाचा लोभ आला तो अर्ध्या माणसाकडून. युद्धातून परतलेल्या माणसाने हे लिहिलंय. माणूस माणसाला काय करू शकतो ते त्याने पाहिलं होतं, आणि छत चाटणाऱ्या जिभेत भिण्यासारखं काही नाही हेही.

2020च्या वसंतात आमच्या बाईंनी मला फोनवर एक चित्र पाठवलं. लांब केस, चोच, अंगावर खवले, खाली तीन पाय. आमाबिए. 1846 साली हिगो प्रांतात, आजच्या कुमामोतोत, समुद्रात रात्री उजेड दिसू लागला. अधिकारी बघायला गेला तर पाण्यातून ही वर आली. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगराईही येईल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा, असं सांगून ती पाण्यात गेली. एका ठशाच्या बातमीपत्रावर तिचं ओबडधोबड चित्र छापलेलं, क्योतो विद्यापीठाने जपलेलं. टाळेबंदीत सगळा जपान ते चित्र पुन्हा काढू लागला, मिझुकींनी काढलेली आमाबिएही फिरू लागली, आणि सरकारच्या आरोग्य खात्याने तिला पोस्टरवर घेतलं. तिने औषध सांगितलं नव्हतं, नवस मागितला नव्हता. मीही एक काढली, निळ्या पेनने, पुस्तिकेच्या पाठकोऱ्या कागदावर, आणि फ्रिजला चिकटवली. आईने ते चित्र येता-जाता पाहिलं आणि काढून टाक म्हणाली नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त ओसाकाला जाणं झालं आणि दोन दिवस काढून मी साकाइमिनातोला गेले. योनागोहून छोटी गाडी सुटते, डब्यावर कितारो, स्थानकांना योकाईंची जादा नावं. उतरल्यावर आठेकशे मीटरचा रस्ता आणि दोन्ही कडांना पावणेदोनशेहून जास्त कांस्यमूर्ती. मला त्या मोठ्या असतील असं वाटलं होतं. पुष्कळ तर गुडघ्याच्याही खाली, पाटावर बसवलेल्या देवांएवढ्या. पोरांनी हात लावून लावून काहींची नाकं पितळेसारखी चकाकतात. त्यातच नोन्नोनबा आहे, पाठीत वाकलेली, आणि शेजारी लहानगा शिगेरु. तिच्यावरच्या पुस्तकाला 2007 साली फ्रान्समध्ये आंगुलेमच्या महोत्सवात सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला, जपानी पुस्तकाला पहिल्यांदाच. ज्या बाईच्या नावावर कधी काही नव्हतं, तिच्या गोष्टी तिथवर गेल्या. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. आजीचा एकही आवाज कुणी जपून ठेवलेला नाही. मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी आईला नुरिकाबेची ती पानं वाचून दाखवली, मराठी करत करत. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, डोळे मिटून ऐकत होती. शिपाई अंधारात अडला इथवर आले आणि मी थांबले, पान उलटायला. आई म्हणाली, "थंयच बसान रवलो असतलो."

मी म्हटलं, हो, तसंच झालं.

मग ती स्वतःहून सांगू लागली. तिच्या वडिलांना चकवा लागला होता तो शिमग्याच्या आधी, आठवड्याच्या बाजारावरून येताना. पाणंदीच्या वळणावर फणस होता, त्या फणसाशी ते तीनदा आले. कंदिलातलं तेल संपत आलेलं. मग वात बारीक केली आणि फणसाला टेकून बसले ते कोंबडा आरवेपर्यंत. घरात आजी जागी, दाराशी. सकाळी आले तेव्हा सदरा दवाने भिजलेला आणि हातातली पिशवी तशीच. पिशवीत काय होतं तेही आईला आठवत होतं. सुके बांगडे, पावशेर गूळ आणि तिच्यासाठी लाल रिबिनीची एक गुंडाळी.